सहा हजार पाचशे बेचाळीस भाऊ

आबांच्या वह्या दोन आहेत, दोनशे पानी, वडूजच्या बाजारातून आणलेल्या. पानांचे आकडे त्यांनी स्वतः घातलेत, पहिल्या वहीतून दुसरीत सलग. प्रत्येक पानावर वीस ओळी, कारण मेंढरं खंडीनं मोजतात आणि वीस मेंढरांची एक खंडी. ओळीत दोनच गोष्टी. डावीकडे भाऊ किती, उजवीकडे वाटून उरली किती. तीनशे सत्ताविसाव्या पानावर तेरा ओळी झाल्यात आणि तिथं त्यांचं अक्षर थांबतं. पुढच्या नऊ ओळी माझ्या हातच्या आहेत. त्या कशा लिहिल्या गेल्या ते सांगायचं आहे, आणि त्याआधी मी आबांना जे सांगितलं तेही.

आबा म्हणजे माझे वडील, हरिबा. ते चौथी शिकले आणि मेंढरांमागे लागले. मला मात्र त्यांनी आठव्या वर्षी साताऱ्याच्या वसतिगृहात टाकलं. मी तिथंच वाढले, आता तिथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. सुट्टीत वस्तीवर जायचे. कोकरं मांडीवर घ्यायचे, पण कळपामागे चालले नाही. माझा धाकटा भाऊ मल्हार चालला.

नऊ वर्षांपूर्वी आजी गेली आणि आबांची आणि त्यांच्या दोन भावांची मेंढरं वेगळी झाली. भांडण असं काही झालं नाही. एका सकाळी तिघांनी कळप वाटून घेतला. ती वाटणी आबांना लागली. मला ते म्हणाले होते, "आशी चोख झाली बग, एकबी मेंढरू उरलं न्हाई. एकांदं उरलं आसतं तर त्याच्यापायी तरी तिगं बसून बोललो आसतो."

हेच त्यांनी शिराळ्याच्या चांदसाहेब गुरुजींना सांगितलं. गुरुजी हायस्कुलात गणित शिकवायचे. दरसाल आमची मेंढरं त्यांच्या रानात बसायला जायची. मेंढरं बसली की रानाला खत मिळतं आणि मेंढक्याला धान्य. अशी बत्तीस वर्षं झाली होती. बांधावर दोघांचं काय बोलणं झालं ते आबांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मीच तिथं होते असं वाटतं.

"हरिबा, न वाटला जाणारा कळप दाखवू का तुला?" गुरुजी म्हणाले. "एक मेंढी घे. दरसाल कळप दुप्पट. बत्तीस वर्षं येतोयस, बत्तीस वेळा दुप्पट कर."

"आन लांडगं?"

"लांडग्यांनी तीन नेली म्हण."

"बत्तीस वर्सांत तीनच? लयच गरीब लांडगं हायती गुरुजी तुमच्या शिराळ्याचं."

गुरुजी हसले म्हणे, आणि वहीच्या पुठ्ठ्यावर त्यांनी आकडा घातला. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे त्र्याण्णव. "हा कळप. आता कुठल्याही भावांना सारखा वाटता येतो का बघ. पण पुस्तकातल्यासारखा नको. तू वाटतोस तसा वाट."

भावांची यादीही गुरुजींनीच करून दिली. दोघांत वाटला गेला नाही तर चौघांत जाणारच नाही, म्हणून चार गाळायचे. तसेच सहा, तसेच नऊ. ज्या संख्या स्वतःच फुटत नाहीत तेवढ्याच घ्यायच्या. आणि पासष्ट हजार पाचशे छत्तीसच्या पुढं जायचं कारण नाही. भाऊ त्याहून जास्त असले तर एकेकाचा वाटा त्याहून कमी पडतो, आणि तेवढ्या भावांची वाटणी आपण आधीच करून बघितलेली असते. एवढं गाळून यादीत उरले सहा हजार पाचशे बेचाळीस आकडे. आबा सगळ्या यादीलाच भाऊ म्हणायचे. "आज किती भाऊ झालं?" असं आईही विचारायची.

दिवसाला दोन. सकाळी एक, संध्याकाळी एक. एवढा मोठा आकडा ते कधी मांडतच नसत. पाटीवर एका मेंढीपासून सुरुवात करायची आणि दुप्पट करत जायचं. भावांपेक्षा मेंढरं जास्त झाली की प्रत्येकाला एकेक देऊन टाकायचं आणि उरतील ती पुढच्या साली दुप्पट करायची. बत्तीस वर्षं संपली की शेवटची वजाबाकी तोंडी, आणि उरलेल्यांच्या खंड्या करून आकडा वहीत. मग ओल्या तळव्यानं पाटी पुसायची. पाटीवरचं कधी कुणी नीट बघितलं नाही. मीही नाही.

पहिल्याच दिवाळीला मी पुठ्ठ्यावरचा आकडा मोबाइलमध्ये घातला. कुतूहल म्हणून. उत्तर यायला श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही. आकडा फुटत होता. नऊ हजार दोनशे एक्केचाळीस भावांत तो चोख वाटला जात होता, प्रत्येकाला चार लाख चौसष्ट हजार सातशे त्र्याहत्तर. बाहेर आबा पाटी घेऊन बसले होते, तोंडातल्या तोंडात दुप्पट करत. तेव्हा ते हजाराच्याही आत होते. मी मोबाइल पर्समध्ये ठेवला. त्यांचे ते पोचतील तिथं, असं ठरवलं.

कधी पोचतील याचा मी हिशोब काढला आणि दीड वर्षानंतरच्या त्या आठवड्यात रजा घेऊन वस्तीवर गेले. त्यांचा कळप फुटेल तेव्हा जवळ असावं म्हणून. नऊ हजार दोनशे एक्केचाळीसची सकाळ आली. आबांनी पाटी भरली, पुसली, वहीत आकडा घातला आणि मेंढरं सोडून चालू लागले. चेहऱ्यावर काही नव्हतं. ते गेल्यावर मी वही उघडली. त्या ओळीत लिहिलं होतं, चारशे एकसष्ट खंड्या, वर एकोणीस. म्हणजे नऊ हजार दोनशे एकोणचाळीस उरली. एक्केचाळीस उरली असती तर एकेक आणखी देऊन कळप संपला असता. आबा दोननं चुकले होते.

मी सांगायला हवं होतं. पण गुरुजी तेव्हा होते आणि आबा दर खेपेला शिराळ्याला वही दाखवायला न्यायचे. दोघं एकेक पान उलटत बसायचे. सांगू पुढच्या वेळी, असं म्हणत गेले. मग गुरुजी वारले, आणि मग तर आबांजवळ तेवढंच उरलं. साडेसात वर्षं मी घरी आले की विचारायचे, "आज किती भाऊ झाले?" आणि ते सांगायचे, आणि मला त्यांची कीव यायची. हे लिहायला सोपं नाही, पण तसंच होतं.

या वर्षी मेंढरं गुरुजींच्याच रानात होती. गुरुजींच्या मागं त्यांची मुलगी जीनत रान बघते. सकाळी पाटी मांडीवर घेतलेली असताना आबांना पॅरालिसिसचा झटका आला. पाटी मऊ रानात पडली, फुटली नाही. मल्हारनं टेम्पोत घालून त्यांना सांगलीच्या दवाखान्यात नेलं. मी साताऱ्याहून पोचले तेव्हा उजवा हात आणि वाचा गेली होती.

आत एकालाच सोडत होते. आई खाली जिन्यात बसून राहिली, मल्हार औषधं आणत होता, म्हणून आत मी. डॉक्टर म्हणाले, "बीपी उतरत नाहीये. त्यांना अजिबात हलू देऊ नका, डोक्याला ताण नको. दुसरा झटका आला तर आमच्या हातात काही राहणार नाही."

आणि आबा डाव्या हाताच्या बोटानं चादरीवर चौकोन काढत होते. पुन्हा पुन्हा. पाटी.

मल्हारनं ती दारातून आणून दिली. "दे अक्का. त्याबिगर ते गप पडायचं न्हाईत." डाव्या हातात खडू राहीना. पडला की आबा पलंगाचा दांडा हातानं बडवायचे. सिस्टर दोनदा येऊन रागावून गेली. नऊ भाऊ राहिले होते. मी म्हटलं, "आबा, मी करते. तुम्ही नुसतं बघा."

पासष्ट हजार चारशे एकोणीस. बत्तीस दुपटी. मला पाऊण तास लागला. आबा डोळे न हलवता पाटीकडे बघत होते आणि कुठं चुकले की बोट टेकवायचे. शेवटी तेरा हजार सहाशे एकोणनव्वद उरली. लांडग्यांची तीन काढली आणि मी खाली लिहिलं, सहाशे चौऱ्याऐंशी खंड्या, वर सहा.

आबांनी मान हलवली. नाही.

मी पुन्हा केलं, पहिल्यापासून. तेच आलं. आबांनी पुन्हा मान हलवली, हात उचलला आणि अंगठ्यानं शेवटचा सहा पुसला. बाकीचं काही नाही, फक्त सहा. मी तो परत लिहिला. त्यांनी परत पुसला. घशातून आवाज काढत होते, त्याचे शब्द होत नव्हते. मॉनिटर वाजायला लागला. तिसऱ्यांदा मी सहा लिहिला तेव्हा तो पुसताना त्यांनी हाताला हिसका दिला आणि सलाइनची सुई निघाली. चादरीवर रक्त पडलं. सिस्टर धावत आली, "बाई, तुम्हाला पेशंट घालवायचाय का?" असं म्हणाली आणि पाटी उचलून बाकाखाली टाकली.

मला वाटलं, त्यांना आता हिशोबही कळत नाही. माझ्या समोर एक माणूस नसलेल्या गोष्टीसाठी मरत होता आणि ती गोष्ट नाही हे एकट्या मला माहीत होतं. सांगितलं तर सुटतील. दुखेल, पण अंग टाकतील, झोपतील, जगतील. मी त्यांच्या कानाशी वाकले.

"आबा, ऐका. नका जिवाला लावून घेऊ. तो कळप वाटला जातो. नऊ हजार दोनशे एक्केचाळीस भावांत. साडेसात वर्षांपूर्वी तुमच्या हातून निसटलं ते. दोनची चूक झाली होती. मला तेव्हाच माहीत होतं."

ते निपचित झाले. मला वाटलं, झालं. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. दुःखानं नाही. मी लहानपणी कोकरू उलटं धरलं की बघायचे तसं. आणि डावा हात उचलून दोन बोटं दाखवली.

"दोन? दोन काय आबा? पाणी?"

नाही. दोन बोटं.

"शेवटच्या पानावरच्या दोन ओळी?"

नाही.

"दोनची चूक. हो. तेच म्हणतेय मी."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. दोन बोटं माझ्या तोंडासमोर धरली आणि मग ती वर नेली, छताकडे. परत माझ्यासमोर. परत वर. दोन, आणि वर. मला कळलं असं मला वाटलं. दोन दिवसांनी मी वर चाललो, असं ते म्हणतायत.

"असं म्हणू नका," मी म्हटलं. मी त्यांचा हात धरला, ती दोन बोटं तळव्यात मिटवली आणि हात चादरीखाली घातला. बोटं आतून पुन्हा उघडली. मी पुन्हा मिटवली. सिस्टरनं झोपेचं इंजेक्शन दिलं तोवर मी वरून हात दाबून धरला होता.

दोन दिवसही झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरा झटका आला आणि आबा गेले.

तेरावा झाल्यावर मल्हारनं विषय काढला. "अक्का, आबा म्हनायचं, तिगांत सारकं. आये, तू आन मी." मी म्हटलं मला मेंढरं काय करायची, तर तो ऐकेना. "तुजी माज्यात चरतील. पर वाटा ठरू दे." वाटणीला घरातलं वडीलधारं माणूस लागतं म्हणून नानासो काकांना बोलावलं. आबांच्या पाठचे हे भाऊ, नऊ वर्षं लग्नाकार्याला बोलले असतील तेवढेच. ते आले, चहा घेतला, आणि आबांचा फोटो होता त्या भिंतीकडे पाठ करून बसले.

मेंढरं वाघरीत होती, म्हणजे जाळीच्या कुंपणात. मला काहीतरी हाताला काम हवं होतं. मी मोजली.

"त्रेसष्ट. तिघांत एकवीस-एकवीस. चोख."

"अक्का कालिजातली हाय, बराबर आसंल," मल्हार म्हणाला.

"आगं थांब की जरा," काका म्हणाले. "चोख म्हनं."

ते जाळी ओलांडून आत गेले. मेंढरांच्या पाठीवरून हात फिरवत चालले आणि एकीचा कान धरून तिला बाजूला घेतलं. मग आणखी एक शोधली. दोघींच्याही कानाला खाच होती, कपाळाला हळद. मला त्या दोघी चांगल्या ठाऊक होत्या. लहानपणी सुट्टीत आले की अशाच दोघींना हळद मीच लावायचे. काकांनी त्यांना वाघरीबाहेर काढून खुंटीला बांधलं.

"आता मोज."

"काका, त्या दोघी?"

"एक आरेवाडीच्या बिरोबाची, एक चिंचलीच्या मायाक्काची. देवाची वाटाय निगालीस व्हय? ह्येच शिकिवत्यात का काय साताऱ्याला?"

मल्हार हसला. मी मोजत होते. एकसष्ट. आई एक खंडी, मल्हार एक खंडी, मी एक खंडी. वर एक.

"एक उरतंय," काका म्हणाले. खाच नसलेली ती उरलेली मेंढी धरून उभे राहिले. "तवा न्हाई उरलं," असं काहीसं पुटपुटले.

मी खुंटीला बांधलेल्या त्या दोघींकडे बघितलं आणि घरात गेले. आई ज्वारी निवडत होती.

"आये, आबा वहीतला कळप वाटायचे, तेव्हाही देवाची दोन बाजूला काढायचे?"

"मंग? काढल्याबिगर कोन वाटतं? पाटीवर आसू दे न्हाईतर वाघरीत, आदी देवाची, मग भावांची."

"पण पुठ्ठ्यावर तर अख्खा आकडा आहे."

"कळप किती हाय म्हनलं तर देवाची धरूनच सांगायचा. त्यास्नी टाकून कसा सांगशील? पर वाटायला घ्यायची न्हाईत." तिनं खडा काढून टाकला. "ह्यात न कळाय काय हाय?"

मग मी तिला दवाखान्यातलं सगळं सांगितलं. कानात काय सांगितलं ते. अंगठ्यानं पुसलेला सहा. दोन बोटं, आणि वर. सांगताना आवाज नीट राहिला, हे मला आठवतं.

आईचे हात सुपात थांबले. "दोन बोटं, आन वर."

"हो."

"मी खाली जिन्यातच बसले व्हते, बाय," ती म्हणाली. "तीन दिस. इचारायचं व्हतंस."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

नऊ हजार दोनशे एक्केचाळीसची ती सकाळ मी आता मांडून बघू शकत होते. बत्तीस वर्षं संपली तेव्हा पाटीवर तीन उरली असणार. तीन लांडग्यांची. आता देवाची दोन कुठून आणायची? प्रत्येक भावाकडून एकेक परत घ्यायचं, त्यातली दोन देवाला द्यायची. उरली नऊ हजार दोनशे एकोणचाळीस. आबा चुकले नव्हते. त्यांना तो भाऊ इतरांसारखाच एक होता, म्हणून चेहऱ्यावर काही नव्हतं. मोबाइलही चुकला नव्हता. मी विचारलेला आकडा फुटतच होता. तो आबांचा नव्हता. आबा त्याहून दोन कमी वाटत होते आणि गुरुजींना ते माहीत होतं. पुस्तकातल्यासारखा नको, तू वाटतोस तसा वाट.

आबांचा खरा आकडा फुटतो की नाही, हे मात्र मला माहीत नव्हतं. मोबाइल हातात होता. शेवटच्या त्र्याण्णवच्या जागी एक्याण्णव घालायचे, बस. बोट उचललं जाईना. राहिलेल्या नऊ भावांपैकी एकानंही शून्य दिलं, तर मी कानात बोलले ते खरं ठरणार होतं. त्यांच्या अख्ख्या नऊ वर्षांवर माझंच वाक्य शिक्का म्हणून बसणार होतं. आणि शून्य आलं नाही, तर मी एका बरोबर माणसाला मरताना चूक म्हटलं होतं. दोन्हीकडून सुटका नव्हती. तरी मला त्यांच्या बाजूचं उत्तर हवं होतं. इतकं हवं होतं की मी बिरोबाचं नाव घेतलं, जे मी वसतिगृहात गेल्यापासून घेतलं नव्हतं.

मी पाटी काढली. तिच्यावर दवाखान्यातलंच होतं अजून. सहाशे चौऱ्याऐंशी खंड्या, वर, आणि सहाच्या जागी अंगठ्याचा पांढरा फराटा. मी दुपटी पुन्हा केल्या. तेरा हजार सहाशे एकोणनव्वद. लांडग्यांची तीन. देवाची दोन. सहाशे चौऱ्याऐंशी खंड्या, वर चार. फराट्याच्या जागी चार लिहिला आणि वहीत ओळ घातली.

त्या दिवशी सात झाले. एका भावाला अठराव्या वर्षी वजाबाकी चुकली आणि शेवटी पाच उरली. तीन काढली, दोन काढली, शून्य. चूक सापडेपर्यंत मी तो तीन वेळा केला. तोपर्यंत खडूचे तुकडे झाले होते. आई येऊन बघून गेली, दिव्याखाली भाकरी झाकून ठेवून गेली.

सकाळी शेवटचं पान. तीनशे अठ्ठाविसावं, त्यावर दोनच ओळी. पासष्ट हजार पाचशे एकोणीस. चौदा खंड्या, वर चार. मग शेवटचा भाऊ, पासष्ट हजार पाचशे एकवीस. आबांनी हा शेवटी कसा येईल ते आधीच बघून ठेवलं असणार, कारण तो फार सोपा आहे. पहिली पंधरा वर्षं कळप भावांपेक्षा लहानच राहतो. सोळाव्या साली पासष्ट हजार पाचशे छत्तीस होतात, प्रत्येकाला एकेक मिळतं आणि पंधरा उरतात. त्या पंधरांपासून आणखी सोळा वर्षं. मी घाई केली नाही. प्रत्येक साल लिहिलं. बत्तिसाव्या साली दोनशे पंचवीस राहिली. लांडग्यांची तीन. देवाची दोन. दोनशे वीस.

अकरा खंड्या. वर काही नाही. आबा अशा वेळी पुढची जागा कोरी ठेवायचे, मीही ठेवली.

मल्हार दारात आला. मेंढरं सोडायची वेळ झाली होती. त्रेसष्टच्या त्रेसष्ट एकाच वाघरीत होती. उरलेल्या एकीचं काय करायचं ते ठरलं नव्हतं, आणि काका पुढच्या सोमवारी परत येतो म्हणून गेले होते.

"फुटला का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग आबा जिकलं म्हन की."

मी मान डोलावली. दवाखान्यातलं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. तो शीळ घालत गेला आणि मेंढरांचा आवाज टेकाडापलीकडे जाईपर्यंत मी वही उघडीच ठेवून बसले. आबांच्या डाव्या हाताची ती दोन बोटं चांगली ताठ होती. मिटवायला मला जोर लावावा लागला होता.